पालकांना आधार देणारा सरकारी पैसा कसा आटतो आणि कसा राखायचा

२०१० साली इंग्लंडमध्ये साधारण ३,६०० ‘शुअर स्टार्ट चिल्ड्रन्स सेंटर’ होती. आई गरोदर असल्यापासून मूल पाच वर्षांचं होईपर्यंत आईबापांनी कुठलीही अडचण घेऊन तिथं जावं, अशी ती सोय होती. बाळाचं वजन करायचंय, दूध नीट पाजता येत नाही, अडीच वर्षांचं पोर अजून बोलत नाही, नवराबायकोत रोज खटके उडताहेत, घरभाडं थकलंय, रात्ररात्र रडू येतंय पण का ते कळत नाही, या सगळ्याला एकच दार. फी नव्हती आणि डॉक्टरची चिठ्ठीही लागत नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत यातली शेकडो केंद्रं बंद पडली. उरलेल्यांपैकी कितीतरी केंद्रं आठवड्यातून एक-दोन सकाळपुरतीच उघडी राहू लागली. हे सगळं होत असताना ‘ही सेवा बंद करा’ असा कायदा झाला नाही, संसदेत तसा ठराव आला नाही, कुठल्या मंत्र्यानं तशी घोषणाही केली नाही. पैशावरचा ‘राखीव’ हा शिक्का तेवढा पुसला गेला.

पालकांना आधार देणाऱ्या आणि समुपदेशनाच्या सेवांचा विषय निघाला की चर्चा होते ती अशा सेवा हव्यात की नकोत याची. त्यांचा पैसा कुठल्या वाटेनं येतो, याकडे फारसं कुणी बघत नाही. सेवा टिकणार की नाही हे मात्र त्या वाटेवरच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. इंग्लंडचं उदाहरण घेण्याचं कारण एवढंच की तिथं ही सेवा उभी राहिली, वाढली, आटली आणि आता पुन्हा उभी करण्याची धडपड चालू आहे, आणि यातल्या प्रत्येक टप्प्याचा हिशेब कुणी ना कुणी मांडून ठेवला आहे. तिथं संसार थाटलेल्या मराठी घरांनाही ही सेवा थेट लागू पडते. त्याबद्दल पुढे बोलूच.

सुरुवात अर्थखात्यातून

१९९७ मध्ये लेबर पक्षाचं सरकार आलं आणि लहान मुलांसाठीच्या सरकारी सेवांचा आढावा घ्यायचं ठरलं. हे काम आरोग्य किंवा शिक्षण खात्यानं केलं नाही, अर्थखात्यानं केलं. त्याची सूत्रं नॉर्मन ग्लास या अधिकाऱ्याकडे होती. प्रत्येक खातं मुलाचा आपल्यापुरता तुकडा बघतं, आणि आयुष्याच्या ज्या वर्षांत सर्वात जास्त फरक पडू शकतो त्या वर्षांत सर्वात विस्कळीत सेवा मिळते, हे त्या आढाव्यातून पुढे आलं. १९९८ मध्ये शुअर स्टार्टची घोषणा झाली आणि १९९९ पासून देशातल्या सर्वात गरीब वस्त्यांमध्ये कार्यक्रम सुरू झाले.

या पहिल्या पाचशेहून अधिक कार्यक्रमांची एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे फार कामाची आहे. त्यांचं स्वतःचं स्वतंत्र बजेट होतं आणि ते कसं खर्च करायचं हे ठरवणाऱ्या मंडळात अधिकाऱ्यांच्या बरोबरीनं त्या वस्तीतले आईबाप बसत. घरोघरी जाऊन बोलणाऱ्या कार्यकर्त्यांवर पैसा खर्च होत असे. ज्या बाईला सर्वात जास्त गरज असते ती स्वतःहून दार ठोठावत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

२००४ मध्ये धोरण बदललं. गरीब वस्त्यांपुरतं न ठेवता प्रत्येक भागात एक केंद्र उभं करायचं आणि ती चालवायची जबाबदारी स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याकडच्या महापालिका-जिल्हा परिषदेसारख्या संस्थेकडे द्यायची, असं ठरलं. केंद्रं भराभर वाढली, पण पैसा पातळ पसरला. तरीही २००९-१० मध्ये या सेवेवर वर्षाला सुमारे १८० कोटी पौंड खर्च होत होते (२०१८-१९ च्या किमतींनुसार). सर्वात वरचा आकडा तो. २०१७-१८ पर्यंत तो ६० कोटींवर आला. तीनातले दोन भाग गेले.

‘राखीव’ निधीत असतं काय

केंद्र सरकार स्थानिक संस्थेला पैसे देतं तेव्हा ते दोन तऱ्हांनी देऊ शकतं. एका तऱ्हेत सांगितलेलं असतं की ही रक्कम अमुक कामालाच खर्च करायची, दुसरीकडे वळवली तर परत घेऊ. दुसऱ्या तऱ्हेत एकच मोठी रक्कम येते आणि रस्ते, कचरा, वृद्धांची देखभाल, बालसेवा यांत ती कशी वाटायची हे स्थानिक संस्था ठरवते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हा प्रकार नवा नाही. जिल्हा परिषदेनं स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, आणि कितीतरी जिल्हा परिषदांच्या योजनांच्या यादीत याच पैशातून चालणारं समुपदेशन केंद्र दिसतं. ते १० टक्के कागदावर वेगळे लिहिलेले असतात म्हणून तर समितीच्या बैठकीत सदस्य उठून विचारू शकतो की गेल्या वर्षीचे अखर्चित किती राहिले. वेगळं लिहिलेलंच नसेल तर विचारणार काय?

इंग्लंडमध्ये शुअर स्टार्टचा पैसा असा वेगळा लिहिलेला होता. २०१० मध्ये सरकार बदललं आणि खर्चकपातीचा काळ आला. नव्या सरकारनं सांगितलं की शुअर स्टार्टसाठीची रक्कम रोख आकड्यात तेवढीच ठेवू. पण एप्रिल २०११ पासून हा पैसा इतर अनेक लहानमोठ्या अनुदानांबरोबर ‘अर्ली इंटरव्हेन्शन ग्रँट’ नावाच्या एका गाठोड्यात घातला. गाठोडं आधीच्या अनुदानांच्या बेरजेपेक्षा लहान होतं आणि त्यातल्या कुठल्याच कामाला राखीव हिस्सा नव्हता. २०१३ मध्ये हे गाठोडंही मोडलं आणि पैसा कौन्सिलच्या सर्वसाधारण निधीत मिसळला. त्यानंतर पालकांच्या सेवांसाठी नेमके किती आले, हे वरून बघून सांगणं कठीण झालं.

गाठोड्यात घालण्यामागे वाईटच हेतू होता, असं मी म्हणणार नाही. ‘स्थानिक लोकांना आपली गरज चांगली कळते, त्यांना मोकळीक द्या’ हा विचार ऐकायला चुकीचा वाटत नाही. मोकळीक आणि कपात एकाच वेळी आली, तिथं घात झाला.

कौन्सिलच्या टेबलावर काय घडतं

एखाद्या कौन्सिलच्या अर्थअधिकाऱ्याच्या जागी बसून बघा. वरून येणारा पैसा दरवर्षी कमी होतोय. कायद्यानं काही खर्च टाळताच येत नाहीत. छळ होत असलेल्या मुलाला घरातून सुरक्षित ठिकाणी न्यावंच लागतं, अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सोय करावीच लागते. ती केली नाही तर न्यायालयात उभं राहावं लागतं. हे खर्च वाढतच चाललेत. इंग्लंडमध्ये कौन्सिलच्या ताब्यात असलेली मुलं २०१० मध्ये सुमारे ६४ हजार होती, २०२३ मध्ये सुमारे ८४ हजार. त्यातल्या एकेका मुलाचा खर्च डोळे पांढरे करणारा. मग कात्री कुठं चालणार? जिथं चालवली तर यंदा कुणी कोर्टात जाणार नाही, तिथं. आयांचा मंगळवारचा गट बंद झाला म्हणून बुधवारी कुणाचा जीव जात नाही.

बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या कौन्सिलांनी २०२३ मध्ये, आपलं बजेट जुळत नाही, अत्यावश्यक सोडून नवा खर्च करता येणार नाही, अशी अधिकृत नोटीस काढली. अशा अवस्थेत पालक-समुपदेशनाची बाजू घेऊन भांडणं किती अवघड असेल, याचा अंदाज येतो.

कायद्यानं चिल्ड्रन्स सेंटरला संरक्षण नव्हतं का? होतं. २००६ च्या चाइल्डकेअर कायद्यात २००९ मध्ये भर घालून कौन्सिलनं स्थानिक गरजेला ‘पुरेशी’ केंद्रं ठेवावीत, शक्य असेल तितपत, असं लिहिलं गेलं. केंद्र बंद करण्याआधी लोकांचं मत घेणंही बंधनकारक झालं. पण पुरेशी म्हणजे किती? दहा हजार मुलांमागे एक की पाच, आठवड्याला किती तास, कोणत्या सेवा, यातलं काहीच कायद्यात नव्हतं. त्यामुळे वीस केंद्रांची पाच करणारी कौन्सिलसुद्धा ‘पाच पुरेशी आहेत’ म्हणू शकली. २०१५ मध्ये ऑफस्टेड या तपासणी संस्थेकडून केंद्रांची होणारी नियमित तपासणीही थांबवली गेली. आत काय चाललंय ते बाहेरून बघणारा डोळा मिटला. २०१८ मध्ये सटन ट्रस्टच्या अहवालानं सांगितलं की २००९ पासून बंद झालेल्या केंद्रांची संख्या १,००० पर्यंत असू शकेल. सरकारी नोंदीत हा आकडा साधारण त्याच्या निम्मा होता, कारण तास आणि सेवा छाटून नावापुरती उरलेली केंद्रं कागदावर चालूच दिसत होती.

महाराष्ट्रात कौटुंबिक न्यायालयांचं उदाहरण इथं शिकण्यासारखं आहे. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ६ मध्येच समुपदेशकांची तरतूद आहे. घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असलेल्या जोडप्यासमोर, मुलाचा ताबा कुणाकडे यावरून भांडणाऱ्या आईबापांसमोर बसणारी ती व्यक्ती कायद्यानं तिथं आहे. पद रिकामं राहू शकतं, त्यासाठी झगडावंही लागतं. पण ‘हे पदच कशाला हवं’ असं बजेटच्या बैठकीत सहजासहजी म्हणता येत नाही.

एका खोलीत बसून बघितलेलं

मी राहते त्या इंग्लिश शहरातल्या एका केंद्रात, हिंदी-मराठी बोलता येतं म्हणून मी मदतीला जात असे. शाळेच्या जुन्या इमारतीतली लांबट खोली, फरशीवर रंगीत चटया, कोपऱ्यात वजनकाटा. काट्यावर दर बाळामागे निळ्या कागदाचा नवा तुकडा अंथरायचा. वजन झालं की ते लाल पुस्तकात लिहायचं. इथं जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं असं एक लाल वहीवजा पुस्तक असतं, त्यातल्या आलेखावर ठिपका काढून रेघ वर जातेय की खाली ते बघायचं.

एक मराठी मुलगी बाळाला घेऊन यायची. तिची आई बाळंतपणाला आली होती. मालिश, शेक, डिंकाचे लाडू, सगळं यथासांग झालं होतं. पण व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांचाच मिळतो. आई परत गेली, नवरा सकाळी सातला बाहेर पडायचा, आणि दिवसभर ही आणि बाळ. काटा काय सांगतोय एवढंच विचारायला ती यायची. वजन छान होतं. आलेखावरची रेघ नीट वर चालली होती. तरी केंद्रातली कार्यकर्ती तिच्याजवळ चटईवर बसली आणि बाळाबद्दल काही न विचारता म्हणाली, तू शेवटचं गरम जेवण कधी जेवलीस? मी मराठीतून सांगेपर्यंत मुलीचे डोळे भरले होते.

त्यानंतर तिला हेल्थ व्हिजिटरनं, म्हणजे घरोघरी जाऊन आई-बाळाची विचारपूस करणाऱ्या नर्सनं, भेटून दहा प्रश्नांचा कागद भरून घेतला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला जगभर वापरतात तो हा एडिंबरा स्केल, १९८७ पासून वापरात असलेला. तिला वेळेवर उपचार मिळाले. त्या सकाळचा हिशेब कसा लिहाल? बजेटच्या पुस्तकात तो ‘बाळाचं वजन: एक’ असा लिहिला गेला असणार. आई परत गेल्यावर जी पोकळी होते ती भरायला कुणी असणं, हे त्या केंद्राचं खरं काम होतं, आणि त्यासाठी बजेटमध्ये रकाना नसतो.

ज्या मराठी कुटुंबांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. वर्क व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी निधीचा आधार घेता येणार नाही, असं लिहिलेलं असतं आणि ते वाचून कितीतरी जण अशा केंद्रांच्या वाटेलाच जात नाहीत. व्हिसाला धक्का लागेल अशी भीती असते. ती अट ठरावीक सरकारी भत्त्यांची आहे, उदाहरणार्थ युनिव्हर्सल क्रेडिट किंवा चाइल्ड बेनिफिट. चिल्ड्रन्स सेंटरचा खेळगट, हेल्थ व्हिजिटरची भेट, पालकांचा वर्ग हे त्या यादीत नाहीत. बिनदिक्कत जा.

फायदा झाला, पण कळायला पंधरा वर्षं गेली

शुअर स्टार्टबद्दल २००५ मध्ये पहिला मोठा मूल्यमापन अहवाल आला तेव्हा निकाल संमिश्र होते. काही गटांत, विशेषतः किशोरवयीन आयांच्या मुलांत, उलटा परिणाम दिसत होता. एवढा पैसा वाया गेला का, अशी चर्चा सुरू झाली. २००८ मध्ये त्याच अभ्यासगटाला तीन वर्षांच्या मुलांमध्ये आणि त्यांच्या पालकांच्या वागण्यात चांगले बदल दिसले. तोवर लोकांच्या मनात पहिली बातमी पक्की बसली होती.

मग लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेनं या मुलांचा पुढचा माग काढला. २०१९ च्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की शुअर स्टार्ट जवळ असलेल्या भागांत अकरा वर्षांच्या मुलांना रुग्णालयात भरती करावं लागण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी झालं होतं. या संस्थेच्या अभ्यासांत हेही दिसलं की एक वर्षाच्या बाळांच्या भरतीचं प्रमाण वाढलं होतं. पहिल्यांदा वाचताना हे विचित्र वाटतं. पण ज्या आईला श्वास लागल्याची लक्षणं कळू लागली ती बाळाला वेळेवर दवाखान्यात नेते, आणि बाळं एकत्र खेळतात तिथं सर्दीतापही लवकर गाठतो. पहिल्या वर्षात खर्च वाढला, दहा वर्षांनी कमी झाला. फक्त पहिल्या वर्षाचा आकडा बघून कुणी निर्णय घेतला असता तर ही योजना अपयशी म्हणून निकालात निघाली असती.

२०२४ मध्ये दहावीच्या पातळीच्या जीसीएसई परीक्षेचे निकाल तपासले गेले. लहानपणी शुअर स्टार्टच्या जवळ राहिलेल्या, शाळेत मोफत जेवण मिळण्याइतक्या गरीब घरांतल्या मुलांच्या निकालात एकूण तीन श्रेणींची भर पडली होती. म्हणजे सोळा वर्षांपूर्वीच्या खर्चाचं फळ. आणि हा फायदा जवळजवळ सगळा त्या पहिल्या कार्यक्रमांचा होता, ज्यांचं बजेट भरघोस होतं आणि ज्यांचे कार्यकर्ते घरोघरी जात. नंतर पातळ पैशात उभ्या केलेल्या केंद्रांत तो दिसला नाही. २०२५ मध्ये याच संस्थेनं सगळा जमाखर्च मांडला तेव्हा दर एका पौंडामागे साधारण दोन पौंडांचा फायदा निघाला.

इमारती राखल्या, पाट्या राखल्या आणि आतली माणसं कमी केली, तर काहीच राखलं नाही, असं या आकड्यांतून मला वाचता येतं. निधी वाचवायची लढाई लढणाऱ्यांनी किती केंद्रं उरली एवढंच मोजणं थांबवायला हवं. दर मुलामागे किती पैसा आणि त्यातला किती घरोघरी जाणाऱ्या माणसांवर, हे मोजायला हवं.

फायदा दुसऱ्याच्या खिशात जातो

आटण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते हिशेबाच्या रचनेत आहे. पालकांच्या सेवेवर खर्च करते कौन्सिल. त्यामुळे रुग्णालयातल्या भरती कमी झाल्या तर पैसे वाचतात आरोग्यसेवेचे. मूल शाळेत टिकलं तर फायदा शिक्षण खात्याचा. ते पोरगं पोलिसांच्या कचाट्यात सापडलं नाही तर बचत न्यायखात्याची. मुलाला मोठेपणी चांगली नोकरी लागली तर कर मिळतो राष्ट्रीय तिजोरीला. ज्यानं पेरलं त्याच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. मग कौन्सिलनं स्वतःच्या मर्जीनं हा खर्च चालू ठेवावा, अशी अपेक्षा करणं भाबडेपणाचं आहे. म्हणूनच हा पैसा वरून यायला हवा, त्या कामासाठीच यायला हवा, आणि एका वर्षापुरता न येता कित्येक वर्षांची हमी घेऊन यायला हवा.

वर्षांची हमी का, तर हे काम माणसांवर चालतं. मुलांच्या हट्टी, आक्रमक वागण्यानं त्रासलेल्या पालकांसाठीचा ‘इन्क्रेडिबल इयर्स’ हा कार्यक्रम घ्या. उत्तर आणि मध्य वेल्समधल्या अकरा शुअर स्टार्ट भागांत त्याची रीतसर चाचणी झाली. काही पालकांना लगेच प्रवेश दिला, काहींना प्रतीक्षा यादीवर ठेवलं आणि दोन्ही गटांची तुलना केली. प्रवेश मिळालेल्या घरांत मुलांचं वागणं आणि पालकांचा ताण दोन्हींत स्पष्ट सुधारणा दिसली. २००७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. हा कार्यक्रम म्हणजे बारा आठवडे, दर आठवड्याला दोन-अडीच तासांची बैठक, पालक दहा-बारा, आणि समोर प्रशिक्षण घेतलेली, वरिष्ठांकडून नियमित मार्गदर्शन मिळणारी माणसं. अशी माणसं तयार व्हायला वर्षं लागतात. मार्चमध्ये करार संपतोय, पुढचं माहीत नाही, असं जिला सांगितलं जातं ती कार्यकर्ती जानेवारीतच दुसरी नोकरी बघते. निधी एप्रिलमध्ये मंजूर झाला तरी ती परत येत नाही. आपल्याकडे मानधनावर काम करणाऱ्या समुपदेशकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पती-पत्नींच्या समुपदेशनाचं तर याहून नाजूक आहे. १९३८ पासून नातेसंबंधांचं समुपदेशन करणारी रिलेट ही ब्रिटनमधली सर्वात नावाजलेली संस्था डिसेंबर २०२४ मध्ये आर्थिक संकटामुळे प्रशासकाकडे गेली आणि नंतर फॅमिली अ‍ॅक्शन या संस्थेनं तिचं काम आपल्याकडे घेतलं.

राखीव असूनही पुरत नाही तेव्हा

राखीव शिक्का मारला की काम झालं, असंही नाही. हेल्थ व्हिजिटरचा पैसा इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्य अनुदानातून येतो आणि ते अनुदान आजही राखीव आहे. गरोदरपणापासून मूल अडीच वर्षांचं होईपर्यंत पाच भेटी व्हायलाच हव्यात, असा नियमही आहे. पण महागाई धरली तर हे अनुदान २०१५ नंतर दरडोई साधारण पाव हिश्शानं घटलं आणि हेल्थ व्हिजिटरांची संख्या खूप कमी झाली. पैसा दुसरीकडे गेला नाही, पण तो मुळातच कमी आला. मग पाचातली एखादी भेट फोनवर उरकली जाते. फोनवर घरातला पसारा दिसत नाही, नवऱ्याच्या आवाजानं दचकणारी बाई दिसत नाही. तेव्हा राखीवपणाबरोबर रकमेचाही आग्रह धरावा लागतो आणि ‘भेट’ कशाला म्हणायचं हेही लिहून घ्यावं लागतं.

आता वारं थोडं फिरलंय. २०२२ पासून ७५ कौन्सिलांना ‘फॅमिली हब’साठी, म्हणजे कुटुंबांना लागणाऱ्या सेवा एका ठिकाणी देणाऱ्या केंद्रांसाठी, तीन वर्षांचे सुमारे ३० कोटी पौंड मिळाले. त्यात पालकत्वाच्या कार्यक्रमांना, बाळंतपणाच्या काळातल्या मानसिक आरोग्याला आणि स्तनपानाच्या मदतीला किती, हे वेगवेगळं लिहिलेलं होतं. जुलै २०२५ मध्ये सरकारनं ‘बेस्ट स्टार्ट फॅमिली हब’ जाहीर केले. ५० कोटी पौंडांहून जास्त पैसा, २०२८ च्या अखेरपर्यंत १,००० पर्यंत हब, आणि सगळ्या कौन्सिलांचा समावेश. याचं मनापासून स्वागत करते. तरी जुन्या १८० कोटी पौंड वार्षिक खर्चाशेजारी हा काही वर्षांचा मिळून आकडा ठेवून बघा, म्हणजे किती गमावलं होतं ते कळेल.

तुमच्या हातात काय आहे

इंग्लंडमध्ये कौन्सिलचं बजेट मार्चच्या सुरुवातीपर्यंत ठरतं आणि त्यावर लोकांचं मत बहुतेक ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत मागवतात. तो अर्ज भरा. केंद्र बंद होणार असं त्यात सहसा लिहिलेलं नसतं. ‘सेवांची पुनर्रचना’, ‘गरजू कुटुंबांवर लक्ष केंद्रित’, ‘ऑनलाइन पर्याय’ असं लिहिलेलं असतं. ‘फक्त गरजूंसाठी’ हे वाचायला रास्त वाटतं, पण सगळ्यांसाठी उघडं असलेलं दार फक्त अडचणीतल्यांसाठी ठेवलं की त्या दारातून आत जाणं म्हणजे आपण वाईट आईबाप आहोत असं कबूल करणं होऊन बसतं. मग सर्वात गरजू माणूसच आत जात नाही. मी सांगितलेली ती मुलगी ‘नैराश्यग्रस्त मातांचा गट’ अशी पाटी असती तर कधीच आली नसती.

केंद्रात गेलात तर नोंदणीचा अर्ज पूर्ण भरा, दर वेळी हजेरी लावा. पुढच्या वर्षी ‘वापर कमी आहे’ असं म्हणायला आधार मिळतो तो रिकाम्या हजेरीपटातूनच.

भारतीय नागरिक हे राष्ट्रकुलातले नागरिक असल्यामुळे इंग्लंडमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्यांना तिथल्या स्थानिक आणि संसदीय निवडणुकांत मतदान करता येतं, हे आपल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. मतदारयादीत नाव घाला. दारावर मतं मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारा की आपल्या वॉर्डातला फॅमिली हब आठवड्यातून किती तास उघडा असतो. उत्तर आलं नाही तर कौन्सिलकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा, २० कामकाजाच्या दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. अर्जात मागच्या पाच वर्षांची मंजूर रक्कम, प्रत्यक्ष खर्च, कर्मचाऱ्यांची पदं आणि उघडे राहिलेले तास वर्षवार मागा. महाराष्ट्रात हेच प्रश्न जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाला २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली विचारता येतात, मुदत ३० दिवस. तिथं आणखी दोन ओळी घाला: स्वउत्पन्नाच्या १० टक्क्यांतून समुपदेशन केंद्रासाठी किती ठेवले, आणि समुपदेशकांचं मानधन शेवटचं कोणत्या महिन्यापर्यंत दिलं.